मापाड्याची तनुजा

तनुजा मला आवडत नव्हती. हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की दीपमालानं पोटात एक ठेवलं आणि लिहिलं भलतंच. पोटात जे होतं तेच लिहितेय, आणि पोटात दुखत होतं.

पुण्या-मुंबईची कोणी असती तर इतकं दुखलं नसतं. बाप डॉक्टर, आई प्रोफेसर, तोंडात फाडफाड इंग्रजी, असल्या पोरी लॅबमध्ये आल्या-गेल्या की मी म्हणायचे, जाऊ दे बाई, त्यांचं ताटच वेगळं. पण ही लासूर स्टेशनची. माझ्या गावची! हिचा बाप रामकिसन तिथल्या मार्केटात मापाडी. कांदा, मका, कापूस, जे येईल ते काट्यावर चढवायचं आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. माझ्या वडिलांचा कापूस त्याच काट्यावर चढायचा. म्हणजे शाळा तीच, धूळ तीच, सकाळची पॅसेंजर तीच. मग हिला मिळालं ते मला का नाही मिळालं, हा सवाल काही केल्या डोक्यातून जाईना.

मीसुद्धा बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास होते. एम.एस्सी.चा फॉर्म भरून तयार होता. त्याच उन्हाळ्यात बजाजनगरचं स्थळ आलं, मुलगा वाळूजला कंपनीत परमनंट. वडील म्हणाले, "परमनंट जावई रोज रोज दारात येत नाय." झालं. फॉर्म राहिला देव्हाऱ्याखाली आणि मी उभी राहिले बोहल्यावर. पुढं सार्थकच्या पप्पांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करू दिला. त्यावर मला छावणीच्या अंगाला असलेल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, त्याला आता सतरा वर्षं झाली.

आमची लॅब जेनेटिक्सची. काम समजायला अवघड नाही. ज्या बाईचं मूल पोटात टिकत नाही, किंवा बाळ जन्मतःच वेगळं असतं, त्यांचं रक्त आमच्याकडं येतं. ते तीन दिवस उबेत वाढवायचं. मग पेशी पाणी पाजून फुगवायच्या आणि वरून काचेच्या स्लाइडवर एक थेंब सोडायचा. थेंब नीट बसला की पेशी फुटून आतली गुणसूत्रं सुटी सुटी पसरतात आणि मायक्रोस्कोपखाली एकेक मोजता येतात, शेहेचाळीस. नाही बसला की सगळ्याचा गठ्ठा. गठ्ठ्यातून ब्रह्मदेवालाही काही मोजता यायचं नाही.

तो थेंब सोडण्यात माझा हात. 'दीपाच्या हाताची स्लाइड' असं आमच्या लॅबच्या प्रमुख अंबिका मॅडम स्वतः म्हणायच्या. त्या डॉक्टर, परदेशात शिकून आलेल्या, पण एप्रिल-मेमध्ये त्यांनी स्वतः थेंब टाकला तर गठ्ठाच. मग हाक यायची, "दीपा, तू बघ गं." रिपोर्टवर माझं नाव नसतं. तिथं सही लागते शास्त्रज्ञाची, टेक्निशियनची नाही. पण हात कोणाचा हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. मला तेवढं एकच होतं, आणि ते कोणाला द्यायची माझी तयारी नव्हती.

आता त्या हाताचं गुपितही सांगते, लपवून आता उपयोग काय! थेंब सावकाश वाळला पाहिजे, एवढंच आहे. आपल्याकडं उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी की थेंब काचेला लागायच्या आत वाळतो, मग गुणसूत्रांना पसरायला वेळच मिळत नाही. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्याकडून एक नमुना बिघडत चालला होता. रडकुंडीला येऊन मी स्लाइड तोंडाजवळ नेली आणि मोठा सुस्कारा सोडला. काचेवर धुकं बसलं. तशाच काचेवर थेंब सोडला तर बया, काय सुरेख पसरली! तेव्हापासून थेंब सोडायच्या आधी मी काचेवर 'हाऽ' करून वाफ सोडते, आरसा पुसताना सोडतो तशी. कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कोरोनानंतर लॅबमध्ये मास्क सक्तीचा झाला. मास्कमधून वाफ कशी सोडणार? मग मी भिंतीकडं तोंड करून उभी राहायचे, पटकन मास्क हनुवटीखाली, हाऽ, थेंब, मास्क वर. तोंडात नेहमी लवंग. नियम मोडत होते, पण पाठीमागं कोणाचे डोळे असतात?

तर गेल्या साली ऑगस्टमध्ये अंबिका मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, जीनोमिक शास्त्रज्ञांना आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वर्षभर ठेवून शिकवायचं ठरलंय, आणि आपल्याला एक जागा मिळालीय. ज्यांचं पुस्तकातलं शिकून झालंय त्यांना पेशंटच्या रक्ताला हात लावायची सवय व्हावी, हा हेतू. वर्ष पुरं केलं की तो माणूस शास्त्रज्ञ म्हणून रिपोर्टवर सही करायला मोकळा. मी घाईघाईनं विचारलं, "मॅडम, अर्ज कोण करू शकतं?" एम.एस्सी. पाहिजे, आणि वय तिशीच्या आत. माझी चाळिशी मागच्या दिवाळीत झालेली. मग मॅडम गोड हसून म्हणाल्या, "दीपा, हाताचं काम तू शिकवायचंस. लॉगबुकात सही तुझी लागेल." म्हणजे सही करायला ती शिकणार आणि तिला शिकवणार मी, जिला सही नाही! जळलं मेलं ते नशीब.

आणि आली ती तनुजा. सावळी, किडकिडीत, तेल लावून घट्ट वेणी, खांद्याला आडत दुकानाची जाहिरात छापलेली कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दीपाताई, तुम्ही आमच्या लासूरच्या ना? अण्णांनी सांगितलंय, काय लागलं तर ताईला विचार."

"इथं मॅडम म्हणायचं," मी म्हणाले.

तिचं तोंड एवढंसं झालं. "बरं मॅडम," म्हणाली. त्यानंतर तिनं एकदाही ताई म्हटलं नाही.

तिची एक खोड होती, सारखं लिहायची. पाणी कोमट आहे म्हटलं की ही थर्मामीटर घालणार आणि लिहिणार, अडतीस. जरा थांब म्हटलं की ही मोबाइल बघून लिहिणार, चार मिनिटं. एकदा मी वैतागले. "अगं, हाताला कळत नाही का?"

"अण्णा म्हणतात, डोळ्यानं वजन करू नये मॅडम. काट्यावर टाकावं. डोळा माणूस बघून वजन करतो."

घ्या! मापाड्याच्या घरचं तत्त्वज्ञान. मी नाक मुरडलं आणि कामाला लागले.

पावसाळ्यात तिच्या स्लाइड्स सुरेख यायला लागल्या. हवाच ओली, तेव्हा गाढवालाही जमतं, पण हे तिला कुठं ठाऊक, आणि अंबिका मॅडमना तरी कुठं! मॅडम मायक्रोस्कोपातून डोकं वर काढून म्हणाल्या, "अरे वा तनुजा, दीपाला कॉम्पिटिशन!" सगळे हसले, मीही हसले. त्या दिवशी घरी गेल्यावर भाकरी थापताना सार्थकच्या पप्पांनी विचारलं, "आज परातीवर राग का?" मी भाकरी तव्यावर टाकली. सतरा वर्षांचा हात, आणि ही पोरगी एका महिन्यात माझ्या पंगतीला बसली! अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मग फेब्रुवारीत देव माझ्या बाजूनं उभा राहिला. नवं मशीन आलं, त्याला थंडावा लागतो म्हणून लॅबला एसी बसवला आणि आमचा जुना पाण्याचा कूलर उचलून गच्चीवर टाकला. एसीनं हवेतली उरलीसुरली ओल ओढून घेतली. त्यातच बाहेर ऊन तापायला लागलं. आणि तनुजाच्या स्लाइड्स बिघडल्या. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळ्या. जिकडं बघावं तिकडं गठ्ठा.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! ती मायक्रोस्कोपातून डोळा काढायची, पुन्हा लावायची, पुन्हा काढायची, आणि मी पलीकडं टेबल पुसत गुणगुणायचे. तिच्या लॉगबुकात अट होती, फेब्रुवारी ते मेअखेर पंचवीस चांगल्या स्लाइड्स स्वतःच्या हातच्या. त्यावर माझी सही. पंचवीस झाल्या नाहीत तर वर्ष फुकट आणि जागाही रद्द. मार्च संपला तेव्हा तिच्या चार झाल्या होत्या.

तिनं मला तीनदा विचारलं. ते तीनदाच होतं हे मला नंतर तिनंच मोजून दाखवलं.

पहिल्यांदा म्हणाली, "मॅडम, माझं काय चुकतंय?" मी म्हणाले, "हाताचं काम आहे. येतं सवयीनं."

दुसऱ्यांदा, "मॅडम, एसी बसवल्यापासून हे व्हायला लागलं का? हवेचं काही असंल का?" बाई गं, पोरीनं नेमकं ठिकाण गाठलं! पण मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." खरं तर अंगण वाकडंच होतं, आणि ते वाकडं आहे हे साऱ्या हॉस्पिटलात फक्त मला माहीत होतं.

तिसऱ्यांदा तिनं अगदी हळू विचारलं, "मी तुमच्या शेजारी उभं राहून बघू का, थेंब सोडताना?" मी म्हणाले, "बघ की, कोणी अडवलंय?" आणि ती शेजारी आली की म्हणायचे, "जा गं, आतल्या फ्रीजमधून ती बाटली घेऊन ये." ती बाटली घेऊन परत येईस्तोवर माझी वाफ आणि थेंब, दोन्ही झालेलं असायचं. आमचे अटेंडंट सोमनाथ मामा, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले, एकदा बघून म्हणाले, "दीपा, पोरीला लई पळवती बरं का तू." मी म्हणाले, "मामा, तुम्ही तुमचं झाडून घ्या."

एप्रिलमध्ये कन्नडची एक बाई आली, विशाखा नावाची. तीन गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेलेले. सासरचे तिला काय काय बोलत असतील ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिचं रक्त तनुजाकडं दिलं गेलं. ते बिघडणार हे मला माहीत होतं. मला म्हणता आलं असतं, आण इकडं, हे मी करते. मी म्हणाले नाही. अंबिका मॅडमच्या डोळ्यापुढं आणखी एक गठ्ठा येऊ दे, अशी माझी बुद्धी झाली होती. आणि तसंच झालं. सगळा नमुना संपला, मोजता येईल अशी एकही पेशी मिळाली नाही. बाईला पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागलं.

ती आली दुपारच्या एसटीनं, उन्हात, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. तनुजा स्वतः तिच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमचं काही चुकलं नाय. माझ्या हातानं बिघडलं. माफ करा."

"असू द्या," विशाखा म्हणाली. "मला वाटलं माझ्या रक्तातच काही नाय म्हणून बोलावलं."

मी दाराशीच उभी होते. त्या दुसऱ्या रक्ताची स्लाइड मी केली, अशी केली की अंबिका मॅडमना पहिल्या नजरेत सापडलं. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होती, म्हणून मूल टिकत नव्हतं. कारण कळलं, पुढचा रस्ता कळला. पण तीन आठवडे उशिरा कळला, आणि ते तीन आठवडे तिनं माझ्यामुळं काढले.

त्या दिवसापासून तनुजानं मला विचारणं बंद केलं. मला वाटलं, हरली. सोमवारी ती आली तेव्हा तिनं त्या आडतीच्या पिशवीतून एक लहानसं पांढरं घड्याळ काढलं. लासूरला बियाणांच्या गोदामात टांगतात तसलं, हवेत ओल किती आहे ते सांगणारं. मोबाइलला जोडलं की दर मिनिटाची नोंद आपोआप होते. अण्णांनी ओळखीच्या आडत्याकडून मागून दिलेलं. तिनं ते स्लाइडच्या टेबलावर, भिंतीच्या खिळ्याला टांगलं. मी सोमनाथ मामांना म्हणाले, "बघा, आता भुसार मार्केटच उघडलं इथं." मामा हसले. तनुजा हसली नाही, तिनं वहीत पहिला आकडा लिहिला, बावीस.

तीन आठवडे तिनं दुसरं काही केलं नाही. थेंब टाकायचा, घड्याळ बघायचं, लिहायचं. मी रोज माझ्या वेळेला, सव्वाअकराला, भिंतीकडं तोंड करून उभी राहायचे आणि माझं काम करायचे. ते घड्याळ माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर लटकत होतं. एवढी शहाणी मी, पण ते घड्याळ माझंही काही लिहून ठेवत असेल, असं मला एकदासुद्धा वाटलं नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली, पाव ठेवतात तसला. आत ओली जाळीची पट्टी अंथरली, घड्याळ आत ठेवलं, झाकण लावलं. आकडा चढत चढत पन्नासच्या पुढं गेला तसं तिनं झाकण किलकिलं करून आतल्या काचेवर थेंब सोडला. मायक्रोस्कोपखाली ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि खुर्ची मला दिली. "मॅडम, बघता का?"

मी बघितलं. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस सुटी. माझ्याइतकीच सुरेख. खरं सांगू? माझ्याहून जरा बरी.

दहा दिवसांत तिच्या पंचवीस झाल्या. नुसत्या तिच्या नाहीत, तिनं सोमनाथ मामांना गंमत म्हणून थेंब टाकायला लावला तर मामांचीही आली! मामा लहान पोरासारखे सगळ्यांना दाखवत फिरले. माझ्या तोंडाची चव गेली. जे मी सतरा वर्षं जपलं ते झाडू मारणाऱ्या माणसाला एका डब्यानं जमवून दिलं.

शनिवारच्या बैठकीत तनुजानं भिंतीवर आलेख दाखवला. खाली तास, उभ्या बाजूला हवेतली ओल. दिवसभर रेघ बावीस-चोवीसच्या आसपास झोपलेली. फक्त रोज सव्वाअकराच्या सुमाराला एक टोक वर गेलेलं, पस्तीस, अडतीस. थोडं खाली, पुन्हा टोक. जितक्या स्लाइड्स तितकी टोकं. अंबिका मॅडम पुढं वाकल्या. "हे काय आहे? रोज त्याच वेळेला?"

तनुजानं माझ्याकडं बघितलं. बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मॅडम, त्या वेळेला टेबलाशी माणूस उभं असतं," ती म्हणाली. "माणसाच्या श्वासाला ओल असते. त्यावरूनच मला सुचलं की ओल वाढवून बघावी."

"कोण असतं?"

"कोणीपण असतं मॅडम. कामाचं टेबल आहे."

तेव्हा मला उठून म्हणता आलं असतं, ती वाफ माझी आहे. सतरा वर्षांपासून माझी आहे, हे या पोरीच्या आधी मला माहीत होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण मग पुढचं विचारलं असतं, मास्क कुठं होता? आणि माहीत होतं तर पोरीला का सांगितलं नाहीस? कन्नडच्या बाईला दुसऱ्यांदा का बोलवावं लागलं? मी मांडीवरची ओढणी सारखी केली. मॅडम म्हणाल्या, "एक्सलंट. हे एसओपीत घाला." एसओपी म्हणजे आमच्या कामाच्या नियमांची फाइल, लॅबमध्ये येणारा प्रत्येक जण आधी ती वाचतो.

बैठक सुटल्यावर मी तिला जिन्यात गाठलं.

"तुला कळलं होतं ना?"

"व्हय."

"कधी?"

"तिसऱ्या दिवशी. तुम्ही नुसत्या उभ्या असल्या की आकडा चढत नाय. हातात काच असली की चढतो. आन् काचेला लवंगेचा वास येतो."

"मग मॅडमना का नाही सांगितलंस?"

ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. आवाज चढवला नाही, पण डोळे भरले. "काय सांगू? मास्क काढता म्हणून सांगू, का मला शिकवलं नाय म्हणून सांगू? मी तीनदा विचारलं तुम्हाला. मोजून तीनदा. तुम्ही एकदा सांगितलं असतं तर त्या फाइलीत 'दीपमाला मॅडमची पद्धत' असं लिहिलं असतं मी. माझ्या डोक्यात नावसुद्धा तयार होतं."

आणि खाली उतरून गेली. तिला पाच चाळीसची गाडी धरायची होती.

मेच्या शेवटच्या दिवशी लॉगबुक माझ्या टेबलावर आलं. एकतीस कामं, प्रत्येकापुढं रकाना, 'कोणाकडून शिकलात'. मी पानं उलटली. रक्त घेणं, दीपमाला मॅडम. नमुना लावणं, दीपमाला मॅडम. पेशी फुगवणं, दीपमाला मॅडम. तिच्या ठसठशीत अक्षरात तीस वेळा माझं नाव. एकोणिसाव्या ओळीवर आले, स्लाइडवर थेंब सोडणं. तिथं एकच शब्द होता, 'स्वतः'.

पेन हातात घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. सही नाही केली तर हिचं वर्ष जाईल, हे मला कळत होतं. कारणही सांगता आलं असतं, डबा चालत नाही, हातानंच पाहिजे, काही तरी. एक मन म्हणत होतं, नको करू. नांदेडच्या हॉस्पिटलात हिची जागा पक्की झालेली, तिथं रिपोर्टवर हिचं नाव येणार, आणि तू इथंच बाटल्या धुणार. दुसरं मन काही म्हणतच नव्हतं, त्याला फक्त ती ओळ दिसत होती. त्यात खोटं काय होतं? मी सही केली. एकतीसच्या एकतीस केल्या.

वर्ष पुरं होऊन जाताना ती पेढे घेऊन आली. वाकली, मी म्हणाले, "राहू दे, राहू दे." तिनं पाया पडून घेतलं. मला वाटलं, आता तरी ताई म्हणेल. पण म्हणाली, "येते मॅडम." मीच शिकवलं होतं तसं म्हणायला.

ऑगस्टमध्ये नवी माणसं आली. या वर्षी दोन जागा, संस्कृती आणि विश्वजीत. आदल्या रात्री मी मनाशी ठरवलं होतं, या खेपेला नाही. या खेपेला पहिल्याच दिवशी सांगायचं, कोणी विचारायच्या आधी. सकाळी मी संस्कृतीला टेबलाशी बोलावलं. तिला कुठंही पळवलं नाही. काच हातात घेतली.

"इकडं ये बाळा. एक गोष्ट सांगते, आजवर कोणाला सांगितली नाही. थेंब सोडायच्या आधी काचेला ओल..."

"हो मॅडम," ती झटकन म्हणाली, "पन्नास ते पंचावन्न. एसओपीत आहे ना, पान अकरा. मी येण्याआधीच पाठ केलंय." आणि उत्साहानं डबा पुढं ओढला, पट्टी भिजवली, झाकण लावलं. घड्याळाकडं बघत बघत तिनं सहज विचारलं, "मॅडम, तुम्हीपण डबाच वापरता ना?"

माझ्या हातातली काच कोरडीच होती. ती मी खाली ठेवली.

"व्हय," मी म्हणाले, "मीपण डबाच वापरते."